भिंतींची जोडणी (इमारत आरेखन)
संगणकावरच्या इमारत-आराखड्यात दोन भिंती मिळतात तो सांधा. रेव्हिट, आर्किकॅड यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टोके जुळली की तो आपोआप साधतो. न साधल्यास कोपऱ्यात फट किंवा नको ती रेघ दिसते आणि खोलीचे क्षेत्रफळही चुकू शकते.

दोष बहुधा आधाररेषेत, म्हणजे भिंत ज्या रेषेवर आखली जाते तिच्यात, असतो. अमरावती-अकोल्याच्या विटांच्या घरांत बाहेरची भिंत 230 मिमी, आतली 115 मिमी हे नेहमीचे माप. एकीची रेषा मध्यावर आणि दुसरीची कडेवर धरली, तर कोपरा सरकतो. आर्किकॅडमध्ये दोन भिंतींच्या लेयरचा छेदगट क्रमांक (कोणत्या लेयरमधल्या भिंती एकमेकींशी जुळतील हे ठरवणारा) वेगळा असेल, तर रेषा भिडूनही भिंती जुळत नाहीत. हे कारण सहसा शेवटी सुचते, म्हणून तेच आधी पाहावे! रेव्हिटमध्ये भिंतीच्या टोकाशी जोडणी बंद केलेली नाही ना, हे तपासावे. भिंतीतल्या थरांचा प्राधान्यक्रम बरोबर असल्यास विटांचा गाभा सलग राहतो, गिलावा त्याच्यापाशी थांबतो.

जोडणीची खरी कसोटी जुन्या वास्तूंचे आराखडे करताना लागते. अकोला जिल्ह्यातील बाळापूरचा वीटबांधणीचा किल्ला 1757 मध्ये पूर्ण झाला. त्याचा आतला कोट पंचकोनी असून कोनाकोनावर बुरूज आहे. सरळ तट गोल बुरुजाला मिळतो, तिथे आपोआप होणारी जोडणी बंद करून टोक हाताने बसवणे अधिक चांगले.