पितळी सर्प
बायबलच्या जुन्या करारातील कथा (गणना 21). कुरकुर करणाऱ्या इस्राएली लोकांना विषारी साप डसले. मोशेने खांबावर लावलेल्या पितळी सर्पाकडे पाहणारे वाचले. योहानाच्या शुभवर्तमानात (3:14) येशू आपल्या उंचावले जाण्याला हीच उपमा देतो, म्हणून ख्रिस्ती परंपरेने कथेत क्रुसाची पूर्वछाया पाहिली. हा अर्थ मागाहून लादला, असा आक्षेप आहे. मूळ कथेत मसीहाचा उल्लेख नाही, हे खरेच. तेव्हा तिला भाकीत म्हणणे ताणाताणीचे होईल. परंतु तारण वस्तूत नसून देवात आहे, हे सूत्र उपरे नाही. ग्रीकमधील ‘शलमोनाचे ज्ञान’ हा यहुदी ग्रंथही (16:7) तेच सांगतो. पुढे लोक या सर्पापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (2 राजे 18:4).