इक्सीची गोष्ट : तपासणी दोघांची

आजची गोष्ट दवाखान्यातली आहे, पण सुरुवात बचत गटाच्या बैठकीपासून करू.

आमच्या एका गटात मासिक बैठकीला कर्जाची मागणी आली. रक्कम मोठी होती आणि कारणाच्या रकान्यात ‘दवाखाना’ एवढंच लिहिलेलं. विचारलं तेव्हा ताई मान खाली घालून म्हणाल्या, “लग्नाला आठ वर्षं झाली. जाऊबाईंच्या माहेरी कुणाला तरी इक्सी नावाची सुई केली आणि मूल राहिलं. मला पण करायचीय.” आम्ही विचारलं, “मालकांची तपासणी झाली का?” त्या म्हणाल्या, “त्यांना काय धाड भरलीय? तपासण्या माझ्याच चालल्यात.”

बैठकीत कुणालाच इक्सी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारलं, वाचलं, आणि समजलं ते आज तुम्हाला सांगतोय.

मूल न होणं ही जुनी गोष्ट आहे आणि त्याचा ठपका बाईवर ठेवणं हीसुद्धा तितकीच जुनी. आपल्या भाषेत वांझ, वांझोटी हे शब्द बाईला जितक्या सहज लावले जातात तितक्या सहज पुरुषाला लावायचा शब्द सापडत नाही. ओटी भरताना, बारशाला, डोहाळजेवणाला कुणाला मागे ठेवतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण पुरुषातही उणीव असू शकते हे आपल्या पूर्वजांना माहीत नव्हतं असं नाही. महाभारतातल्या पंडूला शापामुळे मूल होऊ शकत नव्हतं आणि पांडव जन्मले ते देवांच्या वरदानाने. ही कथा घरोघरी सांगितली जाते, तरी घरात मूल नसलं की सुनेलाच आधी उपास-नवस करायला लावतात.

विज्ञानालाही या बाबतीत शहाणपण यायला वेळ लागला. 1677 मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी अँटनी फान लेव्हेनहूक यांनी स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्यात वळवळणारे जीव पाहिले. तेच शुक्राणू. त्यानंतर बराच काळ काही विद्वान मानत होते की शुक्राणूतच अख्खं इवलंसं माणूस असतं, बाई म्हणजे नुसती जमीन. सस्तन प्राण्याचं स्त्रीबीज प्रत्यक्ष पाहिलं गेलं ते 1827 मध्ये, कार्ल फॉन बेअर यांच्याकडून. म्हणजे पुरुषाचं बीज दिसल्यानंतर बाईचं बीज दिसायला दीडशे वर्षं गेली. मूल दोघांच्या बीजातून होतं हे नीट सिद्ध झालं ते त्याच्याही नंतर.

आता टेस्ट ट्यूब बेबीकडे येऊ. 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईस ब्राऊन जन्मली. तिच्या आईच्या गर्भनलिका बंद होत्या. बीज आणि शुक्राणू यांची भेटच होत नव्हती. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि त्यांच्यासोबत राबणाऱ्या परिचारिका जीन पर्डी यांनी ती भेट शरीराबाहेर, काचेच्या बशीत घडवली. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नातून अशीच एक मुलगी जन्मली. पण सरकारी समितीने त्यांचं म्हणणं खरं मानलं नाही, त्यांची बदली झाली, आणि 1981 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून एक मुलगी जन्मली. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. नंतर याच आनंद कुमारांनी मुखर्जींची टिपणं तपासली आणि पहिला मान त्यांचा आहे, माझा नाही, असं 1997 मध्ये जाहीर सांगितलं. मोठ्या मनाचा माणूस.

पण या उपचारात एक अडचण होती. बशीत बीज ठेवलं, भोवती हजारो शुक्राणू सोडले, तरी आत शिरण्याचं काम शुक्राणूलाच करावं लागतं. ते संख्येने फार कमी असतील, अशक्त असतील, तर बीज फळत नाही. नलिका बंद असलेल्या बाईला वाट मिळाली, पण पुरुषात उणीव असलेल्या जोडप्याला नाही.

शास्त्रज्ञांनी बरेच प्रयत्न केले. बीजाभोवती एक जाड कवच असतं. कुणी त्याला भोक पाडून पाहिलं, कुणी कवचाच्या आत, पण बीजाच्या बाहेर, शुक्राणू नेऊन सोडले. थेट बीजाच्या पोटात शुक्राणू टोचायचा प्रयोग 1976 मध्ये प्राण्यांच्या बीजांवर झाला होता. पण माणसाच्या बीजाला सुई लागली तर ते मरेल ही भीती होती.

बेल्जियममधल्या ब्रुसेल्सच्या विद्यापीठात जानपिएरो पालेर्मो नावाचे इटालियन डॉक्टर हेच कवचाआड शुक्राणू सोडण्याचं काम करत होते. एकदा सुई ठरल्यापेक्षा आत गेली आणि एक शुक्राणू थेट बीजात पडला. बीज मरायला हवं होतं, पण ते फळलं. चूक झाली म्हणून त्यांनी ते टाकून दिलं नाही, त्याच वाटेने पुढे गेले. या पद्धतीतलं पहिलं बाळ 14 जानेवारी 1992 रोजी जन्मलं, आपल्याकडच्या संक्रांतीच्या दिवसांत. इंग्रजी आद्याक्षरं जोडून या पद्धतीचं नाव पडलं इक्सी.

त्याच वर्षी जुलैमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हिशोब मांडला. गटाच्या वहीसारखा चोख हिशोब आहे. 47 बीजांमध्ये शुक्राणू टोचले. 38 शाबूत राहिली. 31 फळली. 15 गर्भ गर्भाशयात ठेवले. आठ वेळच्या उपचारांत चार वेळा दिवस राहिले, त्यातला एक गर्भ अगदी सुरुवातीलाच गेला. उरलेल्या तिघींना मिळून चार बाळं झाली, त्यात एक जुळं. मैत्रिणींनो, 47 पासून चारपर्यंतची ही उतरंड लक्षात ठेवा. बीज फळलं म्हणजे मूल हातात आलं असं होत नाही. आजही प्रत्येक पायरीवर गळती होते आणि बाईचं वय वाढतं तशी ती जास्त होते.

आता ही सुई कशी असते? स्त्रीबीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं. सुई काचेची असते आणि आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली एक चांगला शुक्राणू निवडायचा, शेपटी दाबून तो स्थिर करायचा, सुईत ओढायचा आणि बीजात सोडायचा. म्हणजे आमच्या ताईंना वाटत होतं तसं ही सुई बाईला टोचत नाहीत, बीजाला टोचतात.

पण बाईला सुया नसतात असं मात्र नाही. तिला दहा-बारा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शनं घ्यावी लागतात. मग भूल देऊन अंडाशयातून बीजं काढतात. कधी अंडाशय सुजतात, पोटात पाणी होतं, भरती व्हावं लागतं. तीन ते पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात ठेवायचा आणि पंधरा दिवस जीव मुठीत धरून वाट पाहायची. इक्सी निघाली ती पुरुषातल्या उणिवेवर उपाय म्हणून, पण अंगावर झेलते ती बाईच. पुरुषाला बहुतेक वेळा वीर्याचा नमुना द्यायचा असतो, एवढंच.

म्हणूनच आमचं सांगणं आहे, तपासणी दोघांची आणि एकाच वेळी. वीर्यतपासणी साधी असते, कापाकापी नसते, खर्चही थोडा. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं की जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. यात लाज कसली? आणि शुक्राणू चांगले असतील तर इक्सीने साध्या टेस्ट ट्यूबपेक्षा जास्त फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तेव्हा “मला इक्सीच का?” हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा हक्क आपला आहे.

आणखी एक गोष्ट. ब्रुसेल्समध्येच 2016 मध्ये इक्सीतून जन्मलेले तरुण मुलगे तपासले. त्यांचे शुक्राणू इतर तरुणांपेक्षा कमी आढळले. बापाची उणीव मुलाकडे जाऊ शकते. पोर धडधाकट असतं, पण हे आधी माहीत असलेलं बरं.

आपल्या देशात या उपचारांसाठी 2021 मध्ये कायदा झाला. दवाखान्याची नोंदणी हवी, बाईचं वय 21 ते 50 आणि पुरुषाचं 21 ते 55 च्या मधलं हवं, दोघांची लेखी संमती हवी. मुलगाच हवा म्हणून गर्भ निवडणं हा गुन्हा आहे. दवाखान्यात गेल्यावर नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणायला संकोचू नका.

आता आमच्या ताईंचं काय झालं ते सांगतो. गटाने मोठं कर्ज लगेच दिलं नाही. आधी दोघांच्या तपासणीपुरतं लहान कर्ज मंजूर केलं आणि ठरावात ‘दोघांच्या’ हा शब्द मुद्दाम लिहिला. मालक महिनाभर तयार नव्हते. सासूबाई आमच्यावर चिडल्या, “गट पैशाचा आहे का घर मोडायचा?” म्हणाल्या. शेवटी ताईंचा भाऊ त्यांना सोबत घेऊन गेला. शुक्राणू फारच कमी निघाले. ताईंच्या तपासण्यांत दोष नव्हता. आठ वर्षं जे ऐकून घेतलं ते कुठे ठेवायचं, असं त्या आम्हाला म्हणाल्या. आमच्याजवळ उत्तर नव्हतं.

डॉक्टरांनी आधी मालकांवर औषधोपचार सुरू केलेत. तंबाखू सोडायला लावलीय. इक्सी करायची की नाही, एका खेपेलाच लाखाच्या पुढे जाणारा खर्च उचलायचा की मूल दत्तक घ्यायचं, हे ते दोघं मिळून ठरवणार आहेत. ठरलं की कर्जाची मागणी पुन्हा येईल आणि गट विचार करेल. दरम्यान यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटायचा पहिला मान आम्ही त्याच ताईंना दिला. सासूबाईही आल्या होत्या.

तुमच्या गटात अशी मागणी आली तर कर्ज द्यायचं की नाही हा पुढचा प्रश्न. आधी विचारा, तपासणी दोघांची झाली का?