मॉर्गनटाउनची काळरात्र आणि पुढचे पंधरा दिवस

1 डिसेंबर 2007, शनिवार, सकाळ

वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचं, डोंगराळ, जेमतेम अठरा लाख वस्तीचं राज्य. तिथे एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे मॉर्गनटाउनच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ हाच राज्याचा संघ. हा अमेरिकी फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा. आज रात्री घरच्या मैदानावर शेजारच्या पिट्सबर्ग विद्यापीठाला हरवलं की राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात जागा पक्की. मागच्याच आठवड्यात कनेटिकटला 66-21 असं लोळवलंय. संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर, अकरापैकी दहा सामने जिंकलेला. पिट्सबर्गने अकरापैकी सात हरलेत. सट्टेबाजांच्या हिशेबात फरक 28 गुणांहून जास्त.

प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ याच मातीतले. इथून जवळच्या ग्रँट टाउन या खाणगावात वाढले. शिष्यवृत्ती नसताना याच विद्यापीठाच्या संघात शिरले आणि बचावफळीत खेळले. 2001 च्या हंगामात प्रशिक्षक म्हणून परतले, तेव्हा पहिल्याच वर्षी अकरापैकी आठ सामने हरले. लोकांनी सांभाळून घेतलं, कारण पोरगा घरचा होता.

वर्षभरापूर्वी, डिसेंबर 2006 मध्ये, अलाबामा विद्यापीठाने त्यांना मागणी घातली होती. ते गेले नाहीत. राज्याने सुटकेचा निःश्वास टाकला. ऑगस्ट 2007 मध्ये नव्या करारावर सही झाली. त्यात एक कलम होतं: मुदतीआधी सोडून गेलात तर चाळीस लाख डॉलर भरायचे. मला वाटतं, पुढचं सगळं त्या कलमातच दिसत होतं. ज्याच्या नात्याची खात्री असते, त्याच्या निघून जाण्याची किंमत कुणी कागदावर लिहून ठेवत नाही.

दुपार, अटलांटा

दूर दक्षिणेला वेगळंच नाट्य. मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक लॉइड कार यांनी 19 नोव्हेंबरला निवृत्ती जाहीर केली, तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी एकच नाव: लेस माइल्स. ते लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक, पण मिशिगनमध्ये शिकलेले, तिथेच खेळलेले. आज सकाळीच ईएसपीएन या क्रीडावाहिनीने बातमी फोडली की माइल्स मातृसंस्थेकडे परतणार. दुपारी चारला त्यांच्या संघाचा विभागीय अंतिम सामना आहे. त्याआधीच माइल्स पत्रकारांसमोर येतात, चेहरा लालबुंद. आपण लुइझियाना स्टेटमध्येच राहणार, एवढं ठणकावून सांगतात आणि निघून जातात. संघ टेनेसीला 21-14 हरवतो.

मिशिगनची खुर्ची रिकामीच राहिली. मॉर्गनटाउनमध्ये याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती.

संध्याकाळी पावणेआठ

साठ हजारांचं स्टेडियम तुडुंब. पिट्सबर्ग इथून सव्वाशे किलोमीटरवर. मोनोंगहेला नदी मॉर्गनटाउनवरून वाहत जाते ती थेट पिट्सबर्गला. 1895 पासूनचं हे वैर, आजचा शंभरावा सामना. नावच ‘बॅकयार्ड ब्रॉल’, म्हणजे परसातली मारामारी. समोरचे प्रशिक्षक डेव्ह वॉनस्टेट हेही पिट्सबर्गचेच जुने खेळाडू. दोन्ही बाजूंना घरचीच माणसं.

सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियाचा किकर पॅट मॅकॅफी फील्ड गोल मारायला येतो. लाथेने चेंडू खांबांमधून गेला की तीन गुण. अंतर फक्त 20 यार्ड. कॉलेजचा किकर हा गोल शंभरात नव्वदहून जास्त वेळा मारेल. चुकतो. पुढे 32 यार्डांवरून आणखी एक, तोही चुकतो. सहा गुण गेले. हे सहा गुण लक्षात ठेवा.

दुसरा क्वार्टर

क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, पॅट व्हाइट याचा अंगठा निखळतो.

हा एक अंगठा एवढा महत्त्वाचा का, ते सांगायला हवं. रॉड्रिगेझ यांचा डावपेच असा: चेंडू हातात आला की क्वार्टरबॅकने समोरच्या एका बचावपटूवर नजर ठेवायची. तो धावपटूच्या मागे वळला तर चेंडू स्वतःकडे ठेवून पळायचं, नाही वळला तर चेंडू धावपटूला द्यायचा. निर्णय निमिषार्धात. ग्लेनव्हिल स्टेट या छोट्याशा कॉलेजात नव्वदच्या दशकात रॉड्रिगेझ यांनी ही युक्ती घडवली आणि ती पुढे देशभर पसरली. देशात हे सगळ्यात सफाईने करणारा मुलगा म्हणजे व्हाइट. तो बाहेर बसला आणि यंत्रच बंद पडलं. बदली खेळाडू प्रामाणिक होता, पण बचावपटूंना त्याची धास्ती नव्हती.

मध्यंतराला 7-3. आघाडी अजून आपलीच.

तिसरा क्वार्टर, पहिलाच क्षण

पिट्सबर्गने मारलेला चेंडू झेलून पळताना वेस्ट व्हर्जिनियाच्या खेळाडूच्या हातातून निसटतो. पिट्सबर्ग तो उचलतं. थोड्याच वेळात त्यांचा पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक पॅट बॉस्टिक एक यार्डावरून आत घुसतो. 10-7.

यानंतर पिट्सबर्ग एकच गोष्ट करत राहिलं: चेंडू लेशॉन मकॉयकडे द्यायचा. तोही पहिल्याच वर्षाचा. एकूण 38 वेळा पळाला, 148 यार्ड. प्रत्येक धावेबरोबर घड्याळ पुढे सरकतं आणि वेस्ट व्हर्जिनियाचा वेगवान संघ बाहेर उभा राहून बघतो.

रात्री दहाच्या पुढे

पिट्सबर्गचा आणखी एक फील्ड गोल. 13-7. तिकडे सॅन अँटोनिओमध्ये पहिल्या क्रमांकाचा मिझुरी ओक्लाहोमापुढे कोसळतोय, शेवटी 17-38 हरेल. व्हाइट दुखऱ्या हातानिशी परततो. चौथा आणि शेवटचा प्रयत्न, चेंडू जमिनीवर.

अकराच्या सुमारास

वेळ संपवण्यासाठी पिट्सबर्ग मुद्दाम दोन गुण देऊन टाकतं. 13-9. ज्यांनी आठवड्यापूर्वी 66 गुण केले, त्यांना घरच्या मैदानावर नऊ, त्यातले दोन दान मिळालेले. फरक चार गुणांचा. मॅकॅफीचे सहा आठवा.

घरच्या मैदानावर जिंकलं की इथे सगळे मिळून जॉन डेन्व्हरचं ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ म्हणतात. हे स्टेडियम 1980 मध्ये सुरू झालं, तेव्हा स्वतः डेन्व्हर येऊन गायले होते. आज गाणं नाही. हे सगळं दुःस्वप्न होतं, असं रॉड्रिगेझ पत्रकारांना सांगतात.

दुसऱ्या दिवशी क्रमवारी लागली. सातव्या क्रमांकावरचा लुइझियाना स्टेट उडी मारून दुसरा झाला, विजेतेपदाच्या सामन्यात पोहोचला आणि पुढे राष्ट्रीय विजेताही झाला. मॉर्गनटाउनच्या पराभवाने माइल्स यांना वाट मोकळी झाली आणि माइल्स यांच्या नकाराने मिशिगनला रॉड्रिगेझ यांची वाट धरावी लागली. एकाच शनिवारात दोन्ही.

14 डिसेंबर, शुक्रवार, टोलेडो

मधल्या काळात रटगर्स विद्यापीठाचे प्रशिक्षक ग्रेग शियानो यांनीही मिशिगनला नकार दिला होता. आता ओहायोतल्या टोलेडो शहरात रॉड्रिगेझ मिशिगनच्या अध्यक्ष मेरी स्यू कोलमन आणि क्रीडा संचालक बिल मार्टिन यांना भेटतात.

15 डिसेंबर, शनिवार

मॉर्गनटाउनमध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष माइक गॅरिसन यांच्याशी बोलणी. मागण्या काय होत्या? सहायक प्रशिक्षकांचे पगार, शाळांमधल्या प्रशिक्षकांसाठी सामन्यांचे पास, खेळाडूंना पाठ्यपुस्तकं स्वतःकडे ठेवू द्यावीत, असल्या. ते चाळीस लाखांचं कलम सौम्य करण्याचं तोंडी आश्वासन मिळालं होतं, हा रॉड्रिगेझ यांचा दावा. विद्यापीठाने तो नाकारला.

पुस्तकांच्या आणि पासांच्या मागण्या किरकोळ वाटतात. पण अशा किरकोळ गोष्टींतच माणसाला कळतं की आपल्याला धरून ठेवलंय की गृहीत धरलंय. घरचा माणूस जाणार नाही, या भरवशावर विद्यापीठ बसून राहिलं. ही चूक मला रॉड्रिगेझ यांच्या जाण्याइतकीच मोठी वाटते.

16 डिसेंबर, रविवार

रॉड्रिगेझ खेळाडूंना एकत्र बोलावून सांगतात: मी मिशिगनला चाललो.

ओक्लाहोमाविरुद्धचा हंगामअखेरचा सामना, फिएस्टा बोल, अडीच आठवड्यांवर होता. त्यांनी सोडायला नको होतं असं मी म्हणणार नाही. चांगली नोकरी स्वीकारणं हा गुन्हा नव्हे. पण सही करून चार महिने झाले नव्हते आणि समोर बसलेली मुलं त्यांच्याच शब्दावर इथे आली होती. राग त्याचा होता, आणि तो खरा होता.

27 डिसेंबरला विद्यापीठाने चाळीस लाखांसाठी कोर्टात दावा लावला. 2 जानेवारीला सहायक प्रशिक्षक बिल स्टुअर्ट यांच्या हाताखाली त्याच मुलांनी ओक्लाहोमाला 48-28 असं हरवलं. जुलैमध्ये तडजोड झाली: पंचवीस लाख मिशिगनने भरले, पंधरा लाख रॉड्रिगेझ यांनी. मिशिगनमध्ये पहिल्या हंगामात 3 विजय, 9 पराभव. तीन हंगामांनंतर, जानेवारी 2011 मध्ये, त्यांना काढून टाकण्यात आलं.

डिसेंबर 2024 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने त्यांना पुन्हा प्रशिक्षक नेमलं. राष्ट्रीय विजेतेपद मात्र या विद्यापीठाला अजून एकदाही मिळालेलं नाही.