पै-पैशाचं कॉलेज

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲबरिस्टविथ नावाचं छोटंसं गाव आहे. समोर समुद्र, मागे टेकड्या आणि मधे विद्यार्थीच विद्यार्थी! तिथल्या पोरांची एक रीत मला फार आवडते. समुद्राकाठच्या रस्त्यानं टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत जायचं, तिथल्या कठड्याला एक लाथ मारायची आणि परत फिरायचं. १८९६ साली त्या टोकाला मुलींचं वसतिगृह उघडलं, तेव्हा पोरांना तिकडे फिरायला जायला निमित्त हवं होतं, असं सांगतात. असेलही!

पण मला त्याच रस्त्यावरच्या जुन्या कॉलेजची गोष्ट जास्त मोलाची वाटते. रेल्वे आली की पाहुणे येतील, म्हणून एका ठेकेदारानं तिथे मोठं हॉटेल बांधायला घेतलं आणि त्याचं दिवाळं निघालं. ती इमारत १०,००० पौंडांना घेऊन १८७२ साली तिच्यात पंचवीसेक विद्यार्थ्यांचं कॉलेज सुरू झालं. सुरुवातीची काही वर्षं सरकारी अनुदान नव्हतं. मग १८७५ साली एक रविवार ठरवून वेल्सभरच्या प्रार्थनामंदिरांतून वर्गणी गोळा केली. आपल्याकडचा पैसा फंड आठवा. स्वतः कधी कॉलेजची पायरी न चढलेल्या हजारो माणसांनी पेन्या-शिलिंग दिले.

हल्ली शिक्षण म्हणजे ज्यानं फी भरली त्याची खाजगी खरेदी, असं आपण धरूनच चालतो. म्हणून हा रविवार लक्षात ठेवावासा वाटतो. कठड्याला लाथ मारून परतणारी पोरं त्या जुन्या इमारतीच्याच दिशेनं चालत येतात, हे मला उगाच बरं वाटतं.