शाळा कशी आहे? एका प्रश्नाचा इतिहास

संपादक मंडळाने मला 'शाळेचा इतिहास' या विभागासाठी लिहायला सांगितले. इमारत केव्हा उभी राहिली, मुख्याध्यापक कोण कोण झाले, हे आपल्या गुरुजनांनी माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने सांगावे. मी संगणकाच्या क्षेत्रात काम करते आणि मोजमापाशी माझा रोजचा संबंध येतो. म्हणून मी एका प्रश्नाचा इतिहास लिहायचे ठरवले. नागभीड परिसरातले आईबाप तीन पिढ्या हा प्रश्न विचारत आले आहेत. आजही गावी आले की कोणीतरी विचारतेच, "पोराला कोणत्या शाळेत टाकू? शाळा कशी आहे जी?"

आपल्या आजोबांच्या काळी या प्रश्नाचा अर्थ 'शाळा किती लांब आहे?' एवढाच होता. आपला भाग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. हायस्कूल असलेली गावे मोजकीच होती. नागभीड रेल्वेचे जंक्शन. गोंदिया-बल्लारशा मार्ग आणि नागपूरची नॅरोगेज इथे भेटत. रुळाजवळच्या गावातल्या मुलाला हायस्कूल त्या मानाने जवळचे होते, जंगलातल्या गावाला ते फार लांबचे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. चौथी किंवा सातवीपर्यंतची शाळा गावाजवळ आली. पुढचा रस्ता मात्र तालुक्याच्या गावालाच जात होता.

आपल्या आईवडिलांच्या काळात दुसरे माप आले, ते निकालाचे. १ जानेवारी १९६६ ला राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि आपल्या शाळा नागपूर विभागीय मंडळाच्या कक्षेत आल्या. अकरावीची जुनी मॅट्रिक मागे पडली आणि १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा झाली. राज्यभरातल्या सगळ्या मुलांची एकच परीक्षा आणि प्रत्येक शाळेचा एक आकडा. तालुक्याबाहेर कधी न गेलेल्या शेतकऱ्यालाही हा आकडा कळत होता. वर्तमानपत्रात गुणवत्ता यादी छापून यायची, शाळेच्या फाटकावर फलक लागायचा. आपण १९९७ मध्ये दहावी झालो तेव्हा हे माप ऐन भरात होते. "यंदा किती टक्के लागला?" एवढे विचारले की शाळेची परीक्षा झाली असे लोक समजत.

या मापात काय मावत नाही, ते समजण्यासाठी आपल्याच तालुक्यातले उदाहरण बघू. चंद्रपूर जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आपल्या तळोधी (बाळापूर) येथे आहे. १९८५-८६ मध्ये देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरे आपल्या विदर्भात अमरावतीला. नवोदयला सहावीसाठी जास्तीत जास्त ८० जागा असतात. त्यांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी. राहणे, जेवण, पुस्तके सरकारकडून. या योजनेने खेड्यातल्या कितीतरी मुलांचे आयुष्य बदलले आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पण तिथे प्रवेश परीक्षेतून होतो. जिल्ह्यातून हजारो मुले बसतात आणि त्यांतली ८० निवडली जातात. त्या ८० मुलांचा दहावीचा निकाल आणि दाराशी आलेल्या प्रत्येक मुलाला घेणाऱ्या शाळेचा निकाल एकाच रकान्यात लिहिले, तर तुलना शाळांची होत नाही, आत आलेल्या मुलांची होते. आमच्या कामात याला साधा नियम आहे : यंत्रात काय घातले ते न बघता बाहेर काय आले एवढ्यावरून यंत्राची किंमत करू नये.

आकडा स्वतःही किती डळमळीत आहे, ते अलीकडच्या चार वर्षांवरून दिसते. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले तोंडी-अंतर्गत गुण काढले आणि २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आपला नागपूर विभाग ६७.२७ टक्क्यांवर, राज्यात सगळ्यात खाली. नंतर ते गुण परत दिले गेले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के. या चार वर्षांत आपल्या सरांचे शिकवणे एकदम बिघडले आणि लगेच सुधारले असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मोजण्याची रीत.

पण माझ्या मते निकालाच्या टक्केवारीतली मोठी उणीव वेगळीच आहे. टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांचीच काढतात. समजा पाचवीत साठ मुले आली, दहावीला चाळीस बसली आणि अडतीस पास झाली. फलकावर ९५ टक्के लागतात. पाचवीत आलेल्या मुलांचा हिशेब केला तर ते ६३ टक्के होतात. वीस मुले कुठे गेली, हे फलक सांगत नाही. काही ठिकाणी तर कच्च्या मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सुचवतात, म्हणजे शाळेचा आकडा शाबूत राहतो.

ही वीस मुले आपल्याला ओळखीची आहेत. आपल्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते आणि घरातली मोठी मुलगी बांधीत तरी असते, नाही तर लहान भावंडाला सांभाळत घरी. हिवाळा सरता सरता कुटुंबेच्या कुटुंबे तेलंगणात मिरची तोडायला जातात. मोहफुले वेचायचा हंगाम आणि बोर्डाची परीक्षा एकाच सुमाराला येतात. पाचवीपासून माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण आठवीत रोवणीसाठी घरी राहिली, ती परत आलीच नाही. गणितात ती माझ्या पुढे होती. आपल्या निकालात ती नापास नाही आणि पासही नाही. ती त्यात नाहीच.

सरकारने हे ओळखून काही केले नाही असे नाही. मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली. अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास आला. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस मुलींसाठी सुरू झाल्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणूनही नाही. पण कायद्याचे हे छत्र आठवीला संपते, आणि बऱ्याच खेड्यांतली शाळाही तिथेच किंवा त्याआधी संपते. आपल्याकडची मुलगी गळते ती बहुतेक याच वळणावर.

आता मापेही बरीच झाली आहेत. 'शाळा सिद्धी'मध्ये सात क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक आहे आणि त्यावरून वर्गवार पटसंख्या, शिक्षक, स्वच्छतागृह, प्रयोगशाळा ही माहिती कोणीही मोबाइलवर बघू शकतो. हे चांगलेच आहे. पण 'प्रयोगशाळा : आहे' असे लिहिले म्हणजे परीक्षानळी मुलांच्या हातात येते असे नाही. 'मुलींचे स्वच्छतागृह : आहे' म्हणजे त्यात पाणी आहे असेही नाही.

म्हणून मला कोणी विचारले की मी निकालाआधी चार गोष्टी बघायला सांगते. पाच वर्षांपूर्वी पाचवीत किती मुले होती आणि त्यांतली किती आज दहावीत आहेत? गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे शिक्षक वर्षभर असतात का? मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारी दोन वाजता पाणी असते का? शेवटचा तास संपल्यावर गावाची बस मिळते, की मुलगी अंधारात घरी पोचते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळेल. बाकीची उत्तरे एक दिवस शाळेत जाऊन बसल्याशिवाय मिळणार नाहीत. पहिली ते आठवीच्या शाळेत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात असे कायदा सांगतो. तिथे हे प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे.

मित्रमैत्रिणींनो, आता आपल्या शाळेविषयी. कार्यालयाच्या कपाटात जनरल रजिस्टर असते. प्रत्येक मुलाचा प्रवेश, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचे कारण. त्या रकान्यात अनेकदा 'वडिलांच्या अर्जावरून' एवढेच लिहिलेले असते. त्या दोन शब्दांत रोवणी असते, मिरची असते, लग्न असते, बुडालेली बस असते. शाळेचा खरा इतिहास मला त्या रजिस्टरात दिसतो. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर गेल्या तीस वर्षांची पाचवी आणि दहावी ताडून बघायचे काम मी करून देईन. नावे कुठेही छापायची नाहीत, फक्त आकडे. किती आले, किती पोचले, आणि सर्वांत जास्त कोणत्या वर्गात गळले, हे एका कागदावर आले की आपल्या माजी विद्यार्थी निधीतून बसपास, सायकल की पाण्याची टाकी, हे ठरवायला वाद घालावा लागणार नाही.

आणि एक विनंती. या संमेलनाची निमंत्रणे १९९७ च्या दहावीच्या यादीवरून गेली. पुढच्या वेळी यादी १९९२ च्या पाचवीच्या हजेरीपटावरून करू या. त्यांतल्या अनेक जणी आजही याच तालुक्यात आहेत, त्यांची मुले शाळेत जात आहेत, आणि 'शाळा कशी आहे?' या प्रश्नाचे उत्तर आपल्यापेक्षा त्यांना जास्त नेमके माहीत आहे.