हौस कोणाची, भाडे कोणाचे?

आठवीत असताना आमच्या शाळेचा खो-खो संघ तालुक्यात पहिला आला. जिल्हास्पर्धा नंदुरबारला होती. अक्कलकुव्याहून बारा जणांचे एसटीचे जाऊन-येऊन भाडे आणि एका वेळचे जेवण, इतकाच खर्चाचा प्रश्न होता. पण तो तीन दिवस सुटला नाही. अखेर आमच्या क्रीडाशिक्षकांनी पैसे स्वतःच्या खिशातून घातले. आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो. परतताना बसमध्ये हरल्याचे दुःख फारसे नव्हते. सरांच्या पैशांचे मात्र ओझे वाटत होते.

पुढे इतिहासाच्या अभ्यासाला लागल्यावर परदेशी खेळायला गेलेल्या संघांच्या हकिगती वाचताना तोच प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटला. संघ निवडला कोणी, जिंकले कोण, हे सर्वत्र नोंदलेले असते. भाडे कोणी भरले, हे शोधावे लागते. आजचा धागा त्याच शोधाचा आहे. सुरुवात रग्बी सेव्हन्सपासून करू, कारण हा खेळ जन्माला आला तोच मुळी पैशाच्या अडचणीतून.

मूळ रग्बीत एका बाजूला पंधरा खेळाडू असतात आणि सामना ऐंशी मिनिटे चालतो. सेव्हन्समध्ये मैदान तेवढेच, खेळाडू मात्र सात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. स्कॉटलंडमधील मेलरोझ या छोट्या गावी १८८३ साली क्लबच्या तिजोरीत खडखडाट होता. नेड हेग नावाच्या शिकाऊ खाटकाने सुचवले की एक क्रीडामेळा भरवावा, तिकीट लावावे आणि त्यात रग्बीची स्पर्धा ठेवावी. एका दुपारी अनेक संघांचे पूर्ण सामने होणे अशक्य. म्हणून खेळाडू कमी केले आणि वेळही कमी केला. २८ एप्रिल १८८३ रोजी ही पहिली स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात मेलरोझ आणि शेजारचा गाला हे दोन संघ बरोबरीत राहिले. जादा वेळेत मेलरोझने एक ट्राय नोंदवला आणि मंडळी तडक मैदानाबाहेर पडून चषकावर हक्क सांगू लागली. गालाचे खेळाडू वेळ शिल्लक आहे म्हणून ओरडत राहिले. चषक मेलरोझकडेच राहिला. आपल्याकडच्या गावजत्रेतील कुस्त्यांचे निकाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही.

हा खेळ हौशी होता. पण ‘हौशी’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ आपण समजतो तितका निरागस नाही. मराठीत हौशी म्हणजे आवडीने करणारा. इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या लेखी मात्र हौशी म्हणजे ज्याला खेळाबद्दल एक पैसाही मिळालेला नाही असा माणूस. यॉर्कशायर आणि लँकेशायरमधील खाणकामगार व गिरणीकामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडे. त्यांच्या क्लबांची मागणी बक्षिसाची नव्हती; बुडालेली मजुरी भरून द्यावी, एवढीच होती. दक्षिणेकडील सुखवस्तू क्लबांनी ती नाकारली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि रग्बीचे दोन तुकडे झाले. मूळ संघटनेच्या रग्बीने मोबदल्यावरची बंदी उठवली ती थेट ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे जवळजवळ मोजून शंभर वर्षांनी. ज्याच्या घरी शनिवारची मजुरी बुडाली तरी चूल पेटत होती, त्यालाच हा हौशीपणा परवडत होता.

हिंदुस्थानातही हा खेळ आला तो ज्यांना परवडत होता त्यांच्याबरोबर. कलकत्त्यात १८७३ साली स्थापन झालेला रग्बीचा क्लब पाच वर्षांत बंद पडला. खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून सभासदांनी एक चषक घडवला आणि तो इंग्लंडच्या संघटनेला भेट दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दरवर्षी ज्या ‘कलकत्ता कप’साठी झुंजतात, तो हाच. त्याच्या नक्षीदार मुठी नागाच्या आकाराच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. मुंबईत १८७५ साली स्थापन झालेले बॉम्बे जिमखाना हे रग्बीचे दुसरे ठाणे. त्या काळी तेथे सभासदत्व युरोपियनांपुरते होते. आझाद मैदानाच्या कडेने जाणारा मराठी कामगार तो अंडाकृती चेंडू लांबूनच पाहत असणार.

आता १९२० सालच्या अँटवर्पकडे वळू. महायुद्ध नुकतेच संपले होते आणि बेल्जियम अजून सावरले नव्हते. त्या ऑलिंपिकमध्ये रग्बी होते, पण संघ आले दोनच: अमेरिका आणि फ्रान्स. म्हणजे संपूर्ण स्पर्धा एका सामन्याची. अमेरिकी संघात बहुतेक कॅलिफोर्नियातील विद्यापीठांची मुले होती. फ्रान्सचे पारडे जड मानले जात होते. तरीही ५ सप्टेंबर १९२० रोजी अमेरिकेने ८-० असा सामना जिंकून सुवर्णपदक नेले.

त्याच अँटवर्पमध्ये, काही दिवस आधी, पुण्याहून निघालेला एक छोटा संघ उतरला होता. हा संघ रग्बीचा नव्हता. पण परदेशी स्पर्धेला निघालेल्या हौशी संघाची आपल्याकडची पहिली मोठी कथा हीच आहे आणि तिच्यात आपला प्रश्न उघडपणे दिसतो.

पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा, जमशेटजींचे थोरले चिरंजीव. १९१९ साली जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना ते हजर होते. त्यांनी पुढे एका पत्रात त्या दिवसाचे वर्णन केले आहे. धावणारी मुले शेतकरी कुटुंबांतली, शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली. युरोपीय नियम किंवा आधुनिक सराव त्यांना ठाऊक नव्हता. ती अनवाणी धावत होती. तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतींतील त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तोडीच्या होत्या, हे टाटांच्या लक्षात आले. हे वाचताना मला आमच्या सातपुड्यातली पोरे आठवतात. काठीच्या राजवाडी होळीला डोंगर उतरून चालत येणारी, रात्रभर ढोलावर नाचणारी आणि सकाळी पुन्हा चढ चढून घरी जाणारी. त्यांची वेळ कोणी घड्याळात मोजलेली नाही.

मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या मदतीने टाटांनी सूत्रे हलवली आणि हिंदुस्थानला ऑलिंपिकचे निमंत्रण मिळवले. त्या काळच्या अननुभवाचा एक किस्सा क्रीडा-इतिहासकार सांगतात: शंभर मीटरसाठी किती वेळ अपेक्षित आहे, असे टाटांनी विचारले, तेव्हा जिमखान्याच्या एका जाणत्याने एक-दोन मिनिटे, असे उत्तर दिले. हा किस्सा ऐकून हसू येते. पण ज्या देशात शर्यत म्हणजे गावच्या वेशीपासून देवळापर्यंत, तेथे सेकंदाचे भान कोणाला कशासाठी असावे?

चार धावपटू आणि दोन मल्ल निवडले गेले. वर्गणीसाठी आवाहन झाले, पण खर्चाचा मोठा भार टाटांनीच उचलला. सोहराब भूत हे व्यवस्थापक म्हणून बरोबर गेले, डॉ. फैझी हे नामवंत टेनिसपटूही मदतीला होते. मुंबईहून बोटीने लंडन, तेथे काही आठवडे सराव, मग अँटवर्प. एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाने असे महिने घराबाहेर काढायचे म्हणजे एक पेरणीचा हंगाम वाया. यॉर्कशायरच्या खाणकामगाराची बुडालेली मजुरी ती हीच. फक्त इथे तिची मागणी करायलाही कोणी नव्हते.

निकाल तपशिलाने पाहण्यासारखे आहेत. बंगालचे पूर्मा बॅनर्जी १०० आणि ४०० मीटरच्या पहिल्याच फेरीत बाद झाले. मॅरेथॉनमध्ये सदाशिव दातार शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मात्र धावत राहिले. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. फिनलंडच्या हानेस कोलेमाइनेन यांनी ती २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोहोचले आणि एकोणिसावे आले. आयुष्यातली पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन, परका रस्ता, परके अन्न, आणि जगज्जेत्यापासून अंतर अठरा मिनिटांचे. मला ही कामगिरी आजही पुरेशी सांगितली जात नाही असे वाटते.

कुस्तीत कुमार नवले लवकर बाद झाले. रणधीर शिंदे यांनी मात्र फेदरवेट गटात मजल मारली ती थेट कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत. तेथे ग्रेट ब्रिटनच्या फिलिप बर्नार्डकडून ते हरले आणि चौथे राहिले. आपल्याकडचा मल्ल मातीत लढणारा, तर ही कुस्ती गादीवरची, गुणांची आणि वेगळ्या नियमांची. शिवाय आणखी एक पेच होता. आपल्या जत्रांतल्या कुस्त्या इनामी. जिंकणाऱ्याला फेटा, नारळ आणि रोख रक्कम मिळते. हौशीपणाचा ऑलिंपिक नियम अक्षरशः लावला असता, तर गावोगावच्या आखाड्यांतले किती मल्ल ‘व्यावसायिक’ ठरून बाद झाले असते, याचा विचार करून पाहावा. अमेरिकेचा मूलनिवासी धावपटू जिम थॉर्प याची १९१२ सालची दोन सुवर्णपदके पुढच्याच वर्षी काढून घेतली गेली होती, कारण त्याने कधीतरी थोड्या पैशांवर बेसबॉल खेळले होते.

बत्तीस वर्षांनी, १९५२ मध्ये, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. तोवर देश स्वतंत्र झाला होता. प्रश्न जुनाच राहिला. त्याआधी १९४८ साली लंडनला जाताना कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता आणि खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले होते. हेलसिंकीच्या वेळी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे आखाडे भरवले आणि त्यांच्या उत्पन्नातून कर्ज फेडले, असे सांगतात. मेलरोझच्या शिकाऊ खाटकाने तिकीट लावून क्लब वाचवला होता. हे त्याचेच कराडी रूप.

आता पुन्हा रग्बीकडे. १९२४ नंतर ते ऑलिंपिकमधून गेले आणि परतले २०१६ साली रिओमध्ये, तेही सात जणांच्या रूपात. पुरुषांचे पहिले सुवर्ण फिजीने ग्रेट ब्रिटनला ४३-७ असे हरवून जिंकले. त्या देशाचे हे पहिलेवहिले ऑलिंपिक पदक. त्यांचे प्रशिक्षक बेन रायन रुजू झाले, तेव्हा संघटनेकडे पैसे नसल्याने पहिले काही महिने त्यांना वेतनच मिळाले नव्हते. लहान देशांना सात जणांचा खेळ का परवडतो, हे विमानाच्या तिकिटांचा हिशेब केला की कळते. पंधरा जणांचा संघ परदेशी न्यायचा तर राखीव खेळाडू धरून तीस माणसे लागतात. सेव्हन्सला बाराजण पुरतात. आमच्या खो-खो संघाइतकेच.

आपल्या देशात हा खेळ आता युरोपियनांचा राहिलेला नाही. भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधील आदिवासी मुलांच्या चौदा वर्षांखालील रग्बी संघाने २००७ साली लंडनमधील आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली. त्यांचा सगळा खर्च इतरांनी उचलला होता, कारण दुसरा मार्गच नव्हता. पुण्याच्या वाहबीझ भरुचा यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. त्या व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहेत. जून २०१९ मध्ये मनिला येथे भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा जणांच्या रग्बीतला आपला पहिला कसोटी विजय मिळवला. दिवसा नोकरी किंवा महाविद्यालय आणि उरलेल्या वेळात सराव, ही या खेळातल्या बहुतेकांची दिनचर्या. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात सहा संघांची, फ्रँचायझी पद्धतीची रग्बी सेव्हन्सची लीग झाली. परदेशी खेळाडूंबरोबर भारतीय खेळाडूंवरही बोली लागली. ज्या खेळाने बुडालेली मजुरी देण्यावरून स्वतःचे दोन तुकडे करून घेतले, त्याच खेळाचा लिलाव मुंबईत झालेला पाहून हडर्सफील्डचे ते गिरणीकामगार काय म्हणाले असते, असा विचार मनात आला.

दिवाळीत अक्कलकुव्याला गेलो होतो, तेव्हा आमचे ते क्रीडाशिक्षक भेटले. निवृत्त झाले आहेत. चौगुल्यांची हकिगत त्यांना सांगितली. शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “परत येताना बोटीचं भाडं कोणी दिलं?” मी टाटांचे नाव सांगितले. ते म्हणाले, “मग ठीक.”

पुढचा धागा खर्डेकरांच्या त्या गहाण घरावर.