रक्तभोजी कीटकांच्या आतड्याचे अस्तर

डास, वाळूमाशी, ढेकूण अशा रक्तावर जगणाऱ्या कीटकांच्या मध्यांत्राला आतून असलेला पेशींचा थर. डासाच्या मादीत तो जेमतेम एका पेशीच्या जाडीचा असतो. अंड्यांसाठी लागणारी प्रथिने तिला रक्तातून मिळतात आणि ते पचवण्याचा सगळा भार या थरावर पडतो.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी एका वेळी साधारण २ ते ३ मिलिग्रॅम रक्त पिते, म्हणजे जवळपास स्वतःच्या वजनाइतके. पोट तट्ट फुगते, अस्तर ताणले जाते, एरवी उभट असलेल्या पेशी चपट्या होतात. गरम रक्ताने अंगही झटकन तापते. त्या तापापासून बचाव करणारी प्रथिने पेशी लगेच तयार करू लागतात. शहरी हिवताप पसरवणारी ॲनोफिलीस स्टेफेन्सीची मादी तर रक्त पिता पिताच मागून द्रवाचा थेंब सोडते. तो पोटाच्या टोकाला लोंबत राहतो, त्याचे बाष्पीभवन होते आणि अंग निवते.

दरम्यान अस्तरातून कायटिन आणि प्रथिने स्रवतात. त्यांपासून रक्ताच्या गोळ्याभोवती एक जाळीदार पिशवी विणली जाते. हेच पेरिट्रॉफिक पटल. एडिसमध्ये ते सुमारे एका दिवसात पक्के होते. ट्रिप्सिनसारखी पाचक विकरे त्यातून आत शिरतात, पचलेले अंश बाहेर येतात. रक्तामुळे भराभर वाढणारे जिवाणू मात्र आतच अडकतात. हिमोग्लोबिन फुटल्यावर सुटणारे हीम पेशींना विषारी असते. त्यातले बरेचसे पटलालाच चिकटते. दोन-तीन दिवसांनी पचन आटोपले की उरलेल्या चोथ्यासह पटलही विष्ठेवाटे बाहेर पडते.

हिवतापाच्या परजीवीला ही तटबंदी ओलांडावीच लागते. कायटिन विरघळवणारे विकर सोडून तो पटल भेदतो, पेशींतून पलीकडे जातो आणि आतड्याच्या बाहेरच्या बाजूला गाठीच्या रूपात वाढतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना, रुग्णाचे रक्त प्यायलेल्या डासाच्या जठरभित्तीत काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या, त्या याच गाठी. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सगळ्याच रक्तभोजी कीटकांत ही रचना सारखी नसते. चागास रोग पसरवणाऱ्या अमेरिकेतील ऱ्होडनियस ढेकणात कायटिनचे पटल नसते. पेशींच्या सूक्ष्मांकुरांवर मेदयुक्त पापुद्रा पसरतो आणि हीमचे निरुपद्रवी स्फटिक बनतात. आफ्रिकेतील त्सेत्से माशीत पटल असते, पण ते जेवणाची वाट न पाहता आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सतत तयार होत राहते.